होडीवाल्याचा कंदील

मी पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत टेस्टर आहे. नातेवाइकांच्या मते मला दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात. प्रत्यक्षात एका खोलीच्या चारही भिंतींवर पात्राला धडकवत बसायचं आणि ते कुठल्या कोपऱ्यातून आरपार जातं ते लिहून काढायचं, असं ते काम आहे. पुढे ज्या गेमबद्दल सांगणार आहे तो परदेशी क्लायंटचा. करारामुळे नाव सांगता येत नाही, गोष्टीतले तपशीलही थोडे फिरवलेत. बग, म्हणजे गेममधली चूक, मात्र जसाच्या तसा.

एक मुलगी हरवलेल्या वडिलांना शोधत बेटाबेटांवर फिरते, अशी गोष्ट. पहिल्या प्रकरणापासून तिच्यासोबत एक मुलगा असतो. या मुलावर आमच्या लेखकाचा भारी जीव. त्याला पूर्वायुष्य होतं, वारलेली आजी होती, पाण्याची भीती होती. शेकड्यांनी वाक्यं होती आणि ती चांगल्या कलाकाराकडून रेकॉर्ड करून घेतलेली होती. दुसरा एक होडीवाला. एका बेटावरून दुसऱ्यावर न्यायला कुणीतरी हवं म्हणून ठेवलेला. प्रत्येक धक्क्यावर वेगळा माणूस बनवायला पैसे नव्हते, त्यामुळे सगळीकडे हाच उभा. पहिल्या प्रकरणात तो मुलीला गुहेत न्यायला कंदील देतो, ती तो परत आणून देते, की त्याचं काम संपलं. कंदील परत न देताच कुणी होडीत चढायला लागलं तर त्याच्या तोंडी एक वाक्य होतं. वाक्य तरी कसलं, "कंदील?" एवढंच.

बग असा, की कंदील परत दिल्यावरही तो मागायचा. कधीकधी.

या "कधीकधी"ने टेस्टरचं आयुष्य खाल्लंय. मी बग नोंदवला, प्रोग्रामरने "रीप्रो होत नाही", म्हणजे माझ्याकडे तो पुन्हा घडत नाही, असा शेरा मारून परत पाठवला. पुन्हा नोंदवला, पुन्हा परत. "अगं, माझ्याकडे बरोबर चालतंय," हे प्रोग्रामर मंडळींचं राष्ट्रगीत आहे. त्यांच्याकडे चालणारच. ते गेम सुरुवातीपासून खेळतच नाहीत. डीबग मेनू उघडतात, थेट तिसऱ्या प्रकरणाच्या धक्क्यावर उडी मारतात, आणि तोवर व्हायला हव्या त्या सगळ्या नोंदी आधीच "झाल्या" अशा करून ठेवलेल्या असतात. लेखक सुरुवातीपासून खेळतो, पण तो स्वतःची वाक्यं प्रेमाने शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकतो. तीच ती वाक्यं ऐकून कान किटलेले आम्ही टेस्टरच काय ते स्किपचं बटण बडवत पुढे जातो.

शेवटी मी बग आलेली आणि न आलेली रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावून कंदील देण्याचा प्रसंग फ्रेम फ्रेम पुढे सरकवत बघितला. मुलगी हात पुढे करते, कंदील तिच्या झोळीतून जातो, होडीवाला म्हणतो, "बरं झालं आणलास, पोरी." बग नसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये "पोरी" पुरतं ऐकू येत होतं. बग असलेल्यात ते "पो" वर तुटत होतं. "कंदील परत मिळाला" ही नोंद संवादाच्या स्क्रिप्टमध्ये शेवटच्या वाक्याच्या खालच्या ओळीत लिहिलेली होती. शेवटचं वाक्य स्किप केलं की गेम सरळ संवादाच्या बाहेर उडी मारायचा आणि ती ओळ राहून जायची. कंदील मात्र आधीच, हात पुढे करतानाच झोळीतून गेलेला. म्हणजे खेळणाऱ्याकडे कंदील नाही आणि होडीवाल्याला तो मिळालेला नाही.

हा बग मी ज्या पद्धतीने लिहिला त्याचा मला आजही अभिमान आहे. कुठलं बटण कधी दाबायचं, सोबत दोन्ही व्हिडिओ, स्क्रिप्टमधली नेमकी ओळ. यावेळी "रीप्रो होत नाही" म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. पण होडीवाला कंदील मागतो आणि तरीही होडीत बसू देतो, खेळ अडत नाही, म्हणून तीव्रता "मध्यम" आणि दुरुस्ती पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या पुढच्या आवृत्तीत. दरम्यान प्लेटेस्टची, म्हणजे गेम लोकांना खेळायला देऊन बघायची, तारीख आली आणि बाहेरच्या लोकांसमोर हेच बिल्ड गेलं.

प्लेटेस्टला आपण तोंड उघडायचं नाही. खेळणारा अडला, चिडला, काही विचारलं, तरी "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं. स्क्रीन आणि चेहरा दोन्ही रेकॉर्ड होतात, शेवटी फॉर्म. फॉर्मवर माझा फारसा विश्वास नाही. इंजिनियरिंगची पोरं तिथे "स्टोरी खूप इमर्सिव्ह" असं लिहितात आणि खेळताना प्रत्येक संवाद स्किप करतात. म्हणून मी एक प्रश्न आग्रहाने घातला होता: कोणकोणती पात्रं आठवतात? नाव आठवत नसेल तर वर्णन करा.

त्या दिवशी पोरांबरोबर एक काका होते. मुलाला सोडायला आले होते, एक जण आला नाही म्हणून त्यांना बसवलं. सहकारी बँकेत कॅशियर. कंट्रोलर धरायला शिकण्यात बराच वेळ गेला, पण स्किपचं बटण त्यांना लगेच सापडलं. दुसऱ्या धक्क्यावर होडीवाला म्हणाला, "कंदील?" काका स्क्रीनला म्हणाले, "दिला ना." तिसऱ्या धक्क्यावर पुन्हा. काकांनी झोळी उघडून बघितली, बंद केली, पुन्हा उघडली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, मी दिलाय हो त्याला." मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कंदील मीच घरी नेलाय. पुढच्या प्रकरणात मुलीच्या वडिलांचा पत्ता लागतो, संगीत चढतं, सोबतीचा मुलगा आजीबद्दलचं ते हृदयद्रावक भाषण करतो. काका तोवर पहिल्या बेटावर परत जाऊन गुहेच्या तोंडाशी कंदील शोधत होते. भाषण त्यांच्या पाठीमागे चालू.

आणि शेवटचा प्रसंग. सगळं गाव धक्क्यावर जमतं, एकेक जण मुलीचे आभार मानतो. ओळीत शेवटी होडीवाला. "कंदील?" काका इतके हसले की शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले.

फॉर्म वाचताना मी लेखकाशेजारी बसले होते, त्यामुळे त्याचा चेहराही बघावा लागला. सोबतीच्या मुलाचं नाव जवळजवळ कुणाला आठवलं नव्हतं. "तो मुलगा", "हिरोइनचा फ्रेंड", काकांनी "बडबड्या". होडीवाल्याबद्दल मात्र परिच्छेद. एकीने लिहिलं होतं, तो कंदील त्याच्या मेलेल्या बायकोचा असणार. दुसऱ्याच्या मते म्हाताऱ्याला विस्मरण झालंय आणि गाव ते लपवतंय. काकांनी लिहिलं, माणूस खोटारडा आहे, पण भेटावासा वाटतो. यातलं एक अक्षर आम्ही लिहिलेलं नव्हतं. होतं ते नोंदीची एक ओळ चुकीच्या जागी, एवढंच.

लेखक कळवळून म्हणाला, "म्हणजे आता बगच लिहायचे का मी?" तो मेहनती आहे, पण पात्र म्हणजे पात्राची माहिती असं त्याला वाटतं, आणि हे त्याला सांगायची सोय नाही. या क्षेत्रात हे नवीनही नाही. १९९७ च्या ‘कर्स ऑफ मंकी आयलंड’ या गेममधली मरे नावाची बोलकी कवटी आधी सुरुवातीपुरतीच होती. टेस्टरांना ती इतकी आवडली की पुढे आणखी ठिकाणी आणली गेली. आज त्या मालिकेचं नाव काढलं की लोक स्वतःला महाभयंकर सैतान समजणाऱ्या त्या बिनहातापायाच्या कवटीबद्दलच बोलतात. (आमच्या जमातीचं कुणी ऐकलं, असे प्रसंग मी जपून ठेवते.) १९८३ च्या ‘प्लॅनेटफॉल’मध्ये तर चित्रही नव्हतं, नुसता मजकूर. त्यातला फ्लॉइड नावाचा पोरकट रोबो मरतो तेव्हा मोठी माणसं रडली होती. दुसरीकडे १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’ मधलं सेड्रिक घुबड. नायकाबरोबर हिंडतं, धोक्याची जागा आली की बाहेर थांबतं, वर सल्ले देतं. तेही लोकांच्या लक्षात आहे, पण शिव्या घालण्यासाठी. ‘ऑकारिना ऑफ टाइम’मधली नावी परी मदतीसाठीच आहे, तरी तिचं "हे, लिसन!" ऐकून वैतागलेली एक अख्खी पिढी आहे. आपल्या पुण्यात बनलेल्या २०२० च्या ‘राजी’मध्ये सगळी धडपड गोलू या धाकट्या भावासाठी आहे, पण माझ्या डोक्यात राहिले ते वरून बघत आपसात बोलणारे दुर्गा आणि विष्णू. गोलूला सोडवायचं असतं, त्यामुळे तो बहुतेक वेळ तिथे नसतोच.

मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणाले की बग म्हणून तो दुरुस्त व्हायलाच हवा. संवाद शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला एक होडीवाला आणि स्किप करणाऱ्याला दुसरा, असं चालत नाही. यावर प्रोड्यूसरबाईंचे डोळे चमकले. "मग सगळ्यांनाच देऊ या ना तो विसरभोळा होडीवाला!" प्रोड्यूसर लोकांना अपघात आवडला की त्याचं वेळापत्रक करावंसं वाटतं.

नोंदीची ओळ जागेवर गेली. होडीवाला आता सगळ्यांकडेच कंदील मागू लागला, अधिकृतपणे. लेखकाने त्याच्यासाठी प्रत्येक धक्क्याला नवीन वाक्य लिहिलं. "कंदील कुठे ठेवलास, पोरी? रात्र फार मोठी असते गं." खरं सांगते, वाक्यं सुंदर होती. आवाज दिलेल्या ज्येष्ठ कलाकाराने एकेक वाक्य भिजवून म्हटलं. डिझायनरने त्याला जोडकाम, म्हणजे साइड क्वेस्ट, दिलं: चौथ्या प्रकरणात खरा कंदील एका पडक्या घरात सापडतो, तो होडीवाल्याला नेऊन दिला की त्याच्या बायकोची गोष्ट उलगडते आणि एक अचीव्हमेंट, म्हणजे गेमकडून शाबासकीचा बिल्ला, मिळतं. म्हणजे त्या मुलीने फॉर्ममध्ये लिहिलेला तर्क आम्ही उचलून गोष्टीत घातला. तिला श्रेय दिलं असतं तर बरं झालं असतं, पण प्लेटेस्टला येणाऱ्यांकडून आधीच सह्या घेतलेल्या असतात.

पुढच्या प्लेटेस्टला नवीन माणसं आणली. पहिल्या दोन धक्क्यांवर कुणी काही म्हणालं नाही. तिसऱ्यावर एक मुलगा पुटपुटला, "म्हातारा डोकं खातोय." चौथ्या प्रकरणात कंदील सापडला, दिला, अचीव्हमेंटची घंटी वाजली, आणि बायकोची गोष्ट जवळजवळ सगळ्यांनी स्किप केली. फॉर्मवर होडीवाल्याच्या नावापुढे "साइड क्वेस्ट ठीक". सोबतीच्या मुलाचं नाव यावेळीही कुणाला आठवलं नाही. निदान तिथे आम्ही सातत्य राखलं.

तेव्हापासून आमच्या चहाच्या टपरीवर हा वाद मिटलेला नाही. लेखकाचं म्हणणं, सगळी ताकद एका शब्दात होती, वाक्य लांबलं आणि माणूस मेला. प्रोग्रामर म्हणतो, उगाच सिद्धांत मांडू नका, योगायोग होता, काका होते म्हणून रंगलं. मला दोन्ही पटत नाही. पहिल्या बिल्डमध्ये खेळणाऱ्याने कंदील खरंच दिलेला होता आणि तरी त्याच्यावर आळ येत होता. त्याची बाजू मांडायला गेममध्ये बटणच नव्हतं, म्हणून तो तोंडाने बोलत होता. दुसऱ्यात कंदील शोधून द्यायचं एक काम होतं. काम झालं की माणूस सुटला. ‘डिस्को एलिझियम’ या गेममधला नायकाचा जोडीदार किम कित्सुरागी हाही असाच वाटतो मला. तो वहीत काहीतरी टिपून घेतो, भुवईही फारशी हलवत नाही, आणि आपण मात्र आपलं वागणं त्याला पटलं की नाही याची काळजी करत बसतो. अर्थात किम कुणीतरी ठरवून, मुद्दाम लिहिलाय. तिथे माझा मुद्दा लंगडा पडतो, आणि लेखक नेमका तिथेच मला पकडतो.

हे तपासता येण्यासारखं आहे. एका बिल्डमध्ये नुसतं "कंदील?" ठेवायचं, पण खेळणाऱ्याला परत द्यायची सोय करायची. दुसऱ्यात लेखकाची लांब वाक्यं ठेवायची, पण कंदील कधीच सापडू द्यायचा नाही. दोन्हींसाठी वेगवेगळी माणसं बसवायची. मी हा प्रस्ताव तासांच्या अंदाजासकट प्रोड्यूसरबाईंना पाठवला. रेकॉर्डिंग संपलंय, मजकूर भाषांतराला गेलाय, आता अक्षरही हलणार नाही, असं उत्तर आलं. कल्पना चांगली आहे, पुढच्या प्रोजेक्टला करू या, असंही.

पुढचा प्रोजेक्ट गाड्यांच्या शर्यतीचा आहे. त्यात माणसं फक्त कुंपणापलीकडे, टाळ्या वाजवणारी, आणि ती भिंतीतून आरपार जातात का ते बघायचं काम सध्या माझ्याकडे आहे.