परीक्षेपलीकडची जपानी

माझे बालपण इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेले आणि परदेशी साहित्याची पहिली ओळख तिथल्या वाचनालयातील मराठी अनुवादांमधून झाली. त्यांपैकी ज्या जपानी कथा माझ्या हाती लागल्या, त्या इंग्रजीवरून मराठीत आलेल्या होत्या. मधला हा मुक्काम टाळून मूळ लेखकापर्यंत पोहोचावे, या इच्छेने मी पदवीनंतर पुण्यात येऊन जपानी शिकू लागले. सध्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या एन-२ पातळीची, म्हणजे पाचपैकी वरून दुसऱ्या पातळीची, तयारी सुरू आहे.

नोकरीच्या दृष्टीने या परीक्षेचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु तिच्यातील उतारे प्रश्नांपुरते वाचले जातात आणि उत्तर सापडताच मागे पडतात. भाषा अंगवळणी पडते ती मात्र कथा वाचताना. जपानमध्ये नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरचिन्हांची संख्या २,१३६ आहे आणि ती सगळी येईपर्यंत पुस्तक उघडायचेच नाही असे ठरवले, तर वाचनाचा दिवस उजाडणारच नाही. मुलांच्या पुस्तकांत कांजीशेजारी बारीक अक्षरांत तिचा उच्चार दिलेला असतो. त्याला फुरिगाना म्हणतात. त्याच्या आधारामुळे मला बालसाहित्याचा दरवाजा सर्वांत आधी उघडला, आणि आत गेल्यावर हे साहित्य केवळ मुलांचे नाही हे लक्षात आले.

निइमी नानकिची यांची १९३२ साली प्रसिद्ध झालेली 'गोन गित्सुने' ही कथा जपानमधील प्राथमिक शाळांत आजही शिकवली जाते. गोन नावाचा कोल्हा आपल्या हातून घडलेल्या खोडीची भरपाई म्हणून ह्योजू या एकाकी माणसाच्या घरी गुपचूप चेस्टनट आणि अळंबी नेऊन ठेवतो. ह्योजू मात्र तो पुन्हा खोडी काढायला आला असे समजून त्याच्यावर गोळी झाडतो आणि त्यानंतरच त्याला जमिनीवरचा चेस्टनटचा ढीग दिसतो. शेवटच्या वाक्यात फक्त बंदुकीच्या नळीतून निघणारा निळा धूर आहे. लेखक पश्चात्तापाचा एक शब्दही लिहीत नाही, आणि हा संयम मला फार थोर वाटतो. जपानीप्रमाणे मराठीतही क्रियापद वाक्याच्या टोकाला येत असल्याने हे वाक्य जवळजवळ त्याच क्रमाने मराठीत उतरते; इंग्रजीतून वळसा घेतला की नेमका हा क्रम आधी मोडावा लागतो आणि मग पुन्हा जुळवावा लागतो.

म्हणूनच जपानी बालकथांचे थेट मराठीत अनुवाद करणे, हे मी माझे उद्दिष्ट ठरवले आहे. निइमी यांचे निधन १९४३ साली, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी झाले. त्यांच्या कथांचा स्वामित्वहक्क संपलेला असल्याने 'आओझोरा बुन्को' या १९९७ पासून चालणाऱ्या विनामूल्य ऑनलाइन ग्रंथालयात त्या वाचायला मिळतात. जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाने तिथे अवश्य जावे, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्यासारख्या विद्यार्थिनीला जपानहून पुस्तके मागवणे परवडत नाही, त्यामुळे माझे बरेचसे वाचन तिथेच होते.

पहिल्या वाचनात मी शब्दकोश उघडत नाही. कथेचा ओघ टिकवणे मला अधिक मोलाचे वाटते. अडलेले शब्द दुसऱ्या वाचनात पाहिले तरी चालतात. सध्या याच लेखकाची, हातमोजे विकत घ्यायला गावात जाणाऱ्या कोल्ह्याच्या पिल्लाची कथा मी मराठीत आणत आहे. आई आणि पिल्लू यांच्या संवादांना साजेशी घरगुती मराठी शोधण्यात सर्वाधिक वेळ जातो. हा मसुदा दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण करून मी माझ्या शिक्षिकांना तपासायला देणार आहे.