वाघ सोडून

नागपुरात कशाचंही चिन्ह काढायचं म्हटलं की वाघ येतो. पेंच आणि ताडोबा दोन-तीन तासांवर, म्हणून शहर व्याघ्र राजधानी झालं; मग जिमवाले, ट्रॅव्हल्सवाले, पाण्याचे कॅन पोचवणारे, सगळ्यांनी एकेक वाघ पाळला. बहुतेकांचा जबडा उघडा. घरी बसून भाषांतरं करणाऱ्या माझ्यासारख्या बाईला बिलाच्या कोपऱ्यात छापायला चिन्ह हवं होतं, आणि बिल पाठवतानाच डरकाळी फोडली तर पैसे लवकर येतील असा काही अनुभव नाही.

शिवाय वाघ काढणं सोपं नसतं. संविधान चौकातली रिझर्व्ह बँक दिसली की मला हे हमखास आठवतं. 1935 साली बँक सुरू झाली तेव्हा चिन्हासाठी नमुना घेतला होता ईस्ट इंडिया कंपनीच्या मोहरेचा: सिंह आणि ताडाचं झाड. सिंहापेक्षा वाघ जास्त भारतीय, म्हणून सिंह गेला, वाघ आला. पण चित्र हाती पडलं तेव्हा डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर वैतागले. त्यांना तो कुत्रा वाटला, आणि कुत्रा नि झाड पाहून लोक हसतील ही धास्ती. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर माझी पेन्सिल कुठे लागते!

प्राणी निवडावा तो स्वभाव बघून. रने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूला 'मगर' हे टोपणनाव पडलं, तर त्याने कोटावर मगर भरतकाम करून घेतली. 1933 पासून ती शर्टांवर आली. व्हिस्लर हा चित्रकार सहीच्या जागी फुलपाखरू काढायचा, आणि पुढे त्या फुलपाखराला नांगी फुटली. जीभ तिखट होती त्याची. मला ही नांगी फार आवडते. गोंडस दिसायचं आणि डसायचंही, एकाच रेघेत.

मी मात्र म्हैस आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी कूलरसमोर ओला दुपट्टा घेऊन बसते आणि उठत नाही. म्हशीला गाईपेक्षा घामाच्या ग्रंथी कमी, त्यात कातडी काळी. तिचं डुंबणं हा आळस नाही, शरीराची गरज आहे. माझंही तसंच समजावं. कामही रवंथाचंच. अवघड वाक्य आधी नुसतं गिळायचं, मग रात्री भांडी लावताना ते वर येतं आणि निवांत चघळलं जातं. 'अर्जंट आहे' असं फोनवर कोणी ओरडलं, तर रस्त्यात बसलेल्या म्हशीवर हॉर्नचा होतो तेवढाच परिणाम माझ्यावर होतो.

आईला हे पटलं नाही. "अगं, कोणी म्हैस म्हटलं तर बाया भांडायला उठतात, अन् तू पैसे देऊन छापून राहिली?" मुद्दा बिनतोड होता. ज्ञानेश्वरांनी वेद वदवले तेही रेड्याकडून. म्हशीच्या वाट्याला दूध देणं आणि शिव्यांत येणं, एवढंच.

मग चित्र. समोरून काढलेलं तोंड सायकलच्या हँडलसारखं दिसायला लागलं. मुऱ्हा म्हशीची घट्ट वळलेली शिंगं बारीक छापली की नुसता डाग. पण आपल्या विदर्भाची स्वतःची जात आहे, नागपुरी म्हैस. दुधाला मुऱ्हापेक्षा कमी, पण उन्हाला दाद न देणारी. तिची शिंगं लांब, चपटी, मानेच्या दोन्ही बाजूंनी मागे खांद्यांपर्यंत गेलेली. बाजूने काढली तर नाकापासून कपाळावरून थेट खांद्यापर्यंत एक सलग रेघ मिळते. चेहऱ्यावर कधीकधी पांढरा ठिपका असतो, तिथे कागद कोरा सोडायचा. एका शाईत काम भागतं. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने 1961 मध्ये पांडा निवडला, त्यामागे काळ्या-पांढऱ्या छपाईतली काटकसरही होती. माझ्या बिलांच्या रकमा पाहता मला तर ती हवीच.

चित्र घेऊन सीताबर्डीत रबरी शिक्के करणाऱ्या एका दादांकडे गेले. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला.

"म्हैस हाये का जी, ताई?"

"हो. नागपुरी."

"मंग शिंग आखूड झालं. आमच्या घरी होती न, गावाकडं. तिचं पार इथवर जाये." त्यांनी न विचारताच पेन घेतला आणि माझी रेघ खांद्यापर्यंत ओढून दिली. म्हैस एकदम खरी दिसायला लागली. डिझाइनचे पैसे त्यांनी बिलात वेगळे लावले, आणि मी ते घासाघीस न करता दिले.