तुम्ही विचारलंत म्हणून : भांडणारी जोडी मित्र कधी वाटते?

पटकथा लिहायला बसलेली नवी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. दोन टोकांची दोन माणसं सिनेमाभर भांडतात, मधूनमधून पाठलाग आणि गोळीबार होतो, आणि शेवटी ती जिवलग होतात. काही सिनेमांत हे पटतं, बऱ्याच सिनेमांत पटत नाही. असं का?

एक तापट तर दुसरा थंड, एक गबाळा तर दुसरा टापटीप, ही मांडामांड कुणालाही जमते. गाडी अडते पुढच्या प्रश्नाशी : एवढं पटत नाही, तर दोघं आपापल्या वाटेने जात का नाहीत? याचं उत्तर पहिल्या वीसेक मिनिटांत मिळालं नाही, तर पुढची सगळी भांडणं लेखकाने लावून दिलेली वाटतात. '48 अवर्स'मध्ये (1982) ते चोख आहे. पोलिसाला फरार गुन्हेगारापर्यंत पोचायला कैदी हवा, कैद्याला आपले लपवलेले पाच लाख डॉलर हवेत, आणि तुरुंगाबाहेर राहायची मुभा 48 तासांचीच.

पण अभ्यासायचाच असेल तर मार्टिन ब्रेस्टचा 'मिडनाइट रन' (1988) घ्या. रॉबर्ट डी निरोचा जॅक हा शिकागोचा माजी पोलीस. जामीन तोडून पळालेल्यांना पकडून आणायचं, हा आता त्याचा धंदा. चार्ल्स ग्रोडिनचा मार्डुकस म्हणजे माफियाचे दीड कोटी डॉलर पळवून दानधर्म केलेला हिशेबनीस. त्याला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला शुक्रवारी मध्यरात्रीच्या आत पोचवलं की त्याचा जामीन भरणाऱ्या जामीनदाराकडून जॅकला एक लाख डॉलर मिळणार. विमानाने हे काही तासांचं काम, म्हणजे सिनेमा तिथेच आटोपला. म्हणून लेखक जॉर्ज गॅलोने मार्डुकसच्या तोंडी विमानाच्या भीतीची सबब घातली. तो विमानात असा आरडाओरडा करतो की दोघांना खाली उतरवतात. मग आगगाडी, बस, चोरलेल्या गाड्या, मालगाडीचा डबा. मध्येच जॅकचं क्रेडिट कार्ड दुसरा एक पकडणारा परस्पर रद्द करून टाकतो.

इथे नीट बघा. प्रत्येक संकट दोघांकडून काहीतरी काढून घेतं : आधी वाहन, मग पैसे, मग जेवण. त्यामुळे पाठलाग संपला तरी परिस्थिती पहिल्यासारखी होत नाही. फसलेल्या पटकथांत गोळीबारानंतर दोघं कपडे झटकतात आणि तिथूनच पुढे भांडतात. तो प्रसंग कापला तरी काही बिघडत नाही, आणि प्रेक्षकाला ते बरोबर कळतं.

दुसरी गोष्ट माहितीची. मार्डुकस सिगारेटवरून, खाण्यावरून जॅकचं डोकं खातो, आणि शिकागोच्या पोलिसांत त्याचं काय बिनसलं हे पुन्हा पुन्हा विचारतो. जॅक ताकास तूर लागू देत नाही. मग पैशाअभावी त्याला शिकागोत घटस्फोटित बायकोच्या दारात जावं लागतं. बऱ्याच वर्षांनी दिसलेली मुलगी आपले साठवलेले पैसे त्याच्यापुढे धरते, तो ते घेत नाही. मार्डुकस हे सगळं बघतो. जॅकने काहीच सांगितलेलं नसतं, तरी आता दुसऱ्याला ते ठाऊक असतं. आपल्याकडे याच कामासाठी बाटली समोर ठेवून नायकाला बालपणीचं दुःख ऐकवायला लावतात. मित्राला जे सांगायचं नव्हतं ते त्याने चुकून पाहिलं, तर पंधरा ओळींचं भाषण वाचतं.

माफियाचा धागा मात्र या सिनेमातही कामचलाऊच आहे. चालतं, कारण खलनायकाचं काम इथे फक्त घाई लावण्याचं.

आता शेवट. दोघांना जखडून ठेवणारं कारण संपल्यावर ते काय करतात, यावर मैत्रीचा हिशेब होतो. जॅक वेळेत लॉस एंजेलिसला पोचतो, जामीनदाराला फोन करून तसं कळवतो, आणि मार्डुकसला सोडून देतो. एक लाखावर पाणी. जुन्या संसाराची आठवण म्हणून बाळगलेलं, नीट न चालणारं घड्याळही देऊन टाकतो. मार्डुकस कमरेच्या पट्ट्यातले जवळपास तीन लाख काढून देतो. हे पैसे आधी कुणाला दिसलेले नसतात, म्हणून ती लाच ठरत नाही. सोडून दिल्यावर मिळालेली ती भेट आहे. दोघांनी वाटेतच रक्कम ठरवली असती, तर सगळा खेळ बसला असता.

आणि डोळे पाणावायच्या आत जॅक टॅक्सीवाल्याला विचारतो, हजाराची मोड आहे का? टॅक्सी निघून जाते, तो पायी निघतो. विनोदी सिनेमात गहिवराला एवढीच मुदत द्यावी.