नवा टाळकरी कुठे उभा करायचा?

वारकरी भजनात परीक्षा नसते, टाळ हाती घेतला की माणूस आपला. पण नवख्याला ओळीच्या टोकाला उभं करतात, ते मला अजिबात पटत नाही. तिथे पखवाज नीट ऐकू येत नाही, मग तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघून वाजवतो आणि मागे पडतो. त्याला पखवाजासमोर, दोन पक्क्या टाळकऱ्यांच्या मधे घ्या.

आधी टाळ धरायला शिकवा. दोरी बोटांना गुंडाळायची, तळहात टाळाला टेकू द्यायचा नाही. दोन्ही टाळ अगदी समोरासमोर आपटले की मधे हवा कोंडते आणि नुसता ‘चप्’ आवाज येतो. एक किंचित खाली सरकवून मारला की नाद सुटतो.

भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे आठ समान ठोक्यांचा. सुरुवातीला पहिल्या आणि पाचव्या मात्रेवरच टाळ पडला तरी पुरे.

खरी अडचण जाणत्यांकडून होते. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, फार उंच धरली की निम्मे लोक ओठ मिटतात. काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर, गाणाऱ्याला शोभेल, पण मागे म्हणणाऱ्या पुरुषांना काळी एकच सोसते. अवघड चाल लावायचीच असेल तर ध्रुवपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सोपं ठेवा, ते सगळ्यांचं असतं. द्रुत लय शेवटच्या गजरासाठी राखा.