टेम्प्रानियो : ओकच्या आड दडलेले द्राक्ष

टेम्प्रानियो या स्पेनच्या लाल वाईनच्या द्राक्षाची ओळख बहुधा रिओखा या तिथल्या वाईन प्रदेशातील एखाद्या रेसेर्वापासून, म्हणजे बराच काळ मुरवलेल्या वाईनपासून, करून घेतली जाते. मी मात्र ओकच्या पिंपाचा स्पर्शही न झालेल्या कोवळ्या वाईनपासून सुरुवात केली आहे. जुन्या वळणाच्या रिओखामध्ये व्हॅनिला, खोबरे आणि क्वचित शेपूची जी झाक येते ती अमेरिकन ओकची देणगी असते, आणि तीच या द्राक्षाची खूण आहे असा समज एकदा पक्का झाला की मूळ चवीकडे लक्ष जात नाही.

रिओखा आलावेसा या रिओखाच्याच एका भागात अख्खे घड न चिरडता आंबवून केलेल्या वाईनमध्ये लाल चेरी, आलुबुखार आणि किंचित ज्येष्ठमध असे गंध स्पष्ट सापडले. ही पद्धतही आपला केळ्यासारखा गंध मिसळते, हे खरे. तरीही आम्लता बेताचीच आणि फळ सौम्य, हा या द्राक्षाचा स्वभाव तिथे नीट कळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशी बाटली उघडण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर मद्यार्काचाच वास पुढे येतो.

त्यानंतर क्रियांसा. रिओखाच्या नियमानुसार ही लाल वाईन दोन वर्षे मुरते आणि त्यांपैकी किमान एक वर्ष २२५ लिटरच्या पिंपात जाते. रेसेर्वाला एकूण तीन वर्षे लागतात, तर ग्रान रेसेर्वाला पाच, आणि त्यांतली किमान दोन पिंपात. बाटलीमागच्या नियामक पट्टीचा रंग पाहिला तरी हा फरक कळतो: क्रियांसाला लाल, रेसेर्वाला गडद किरमिजी, ग्रान रेसेर्वाला निळा. ग्रान रेसेर्वामध्ये चामडे, तंबाखू आणि सुकलेल्या पानांचे गंध मोहक असतात, परंतु द्राक्ष समजून घ्यायचे असेल तर माझे मत क्रियांसाच्या बाजूने आहे, कारण तिथे फळ आणि लाकूड दोन्ही ऐकू येतात.

खरा उलगडा स्पेनच्याच रिबेरा देल दुएरोमध्ये झाला. १९८२ साली वाईन प्रदेश म्हणून अधिकृत दर्जा मिळालेल्या या पठारी प्रदेशात हेच द्राक्ष तिंतो फिनो म्हणून ओळखले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर दिवसाचे कडक ऊन द्राक्षाला पूर्ण पिकवते आणि रात्रीचा गारवा त्याची मुळातच कमी असलेली आम्लता टिकवतो. त्यामुळे वाईन गडद, काळ्या फळांची आणि घट्ट टॅनिनची, म्हणजे तुरटपणाची, होते. तोरो या दुसऱ्या स्पॅनिश प्रदेशातील नमुना याहून दांडगा निघाला, पण मला तो जेवणाशिवाय जड वाटला.

पुढच्या टप्प्यात पोर्तुगालमधील दोउरोची तिंता रोरीस, म्हणजे हेच द्राक्ष, आणि नाशिकजवळच्या दिंडोरीतील चारोसा या वाईनरीची टेम्प्रानियो शेजारी ठेवून चाखायची आहे. स्पेनमध्ये हे द्राक्ष शरद ऋतूच्या तोंडाशी उतरते, तर नाशिक भागात वाईनच्या द्राक्षांची काढणी हिवाळा सरताना होते. हा फरक आम्लतेत कितपत उतरतो, ते मला आधी तपासायचे आहे.