हिरव्या लोकरीचा झुबका

दुकानातल्या टाकीत ते आठ मासे पाहिले तेव्हा पाटी वाचूनही माझा विश्वास बसला नव्हता. बोटाच्या दोन पेरांएवढे, राखाडी, शेजारच्या गप्पींपुढे अगदीच फिके. पाटीवर मात्र ‘बोसमनी रेनबो’, म्हणजे रंगांसाठीच पाळला जाणारा मासा. दुकानदार म्हणाला, "मैडम, रंग आएगा, पर साल भर रुकना पड़ेगा." मी आठही घेऊन आले. येत्या दिवाळीला दोन वर्षं होतील.

इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, तिच्यासमोर टाकी ठेवली. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, तेवढीच उंच, म्हणजे अडीचशे लिटर पाणी. हे मासे दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत असतात, त्यांना लांबीच हवी. आणि घ्यायचे तर निदान सहा घ्या. एकटादुकटा मासा बिचकून कोपऱ्यात बसतो.

पाण्याबद्दल मला सगळेच विचारतात. इंदुरात नळाला नर्मदा येते, पार जलूदहून सत्तरेक किलोमीटर उचलून आणलेली, आणि आमच्या अंगणात बोरिंग आहे. बोरिंगचं पाणी इतकं जड की पातेल्याला पांढरा थर धरतो. त्यात मासे जगायचे नाहीत, असं सगळ्यांनी सांगितलं. पण बोसमनीचं मूळ घर न्यू गिनी बेटाच्या पश्चिम टोकाला, इंडोनेशियाच्या हद्दीतल्या आयमारू सरोवरांत. तो भाग चुनखडीचा, तिथलं पाणीही जडच. म्हणून मी निम्मं बोरिंगचं, निम्मं नर्मदेचं घालते. नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते ड्रममध्ये एअर पंप लावून दिवसभर ठेवते. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं, ते मात्र कधी चुकवत नाही.

बोसमन हे डच मत्स्यशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1950च्या दशकात हे मासे गोळा केले आणि 1980मध्ये ॲलन व क्रॉस या दोघांनी जातीला त्यांचं नाव दिलं. पुढे शौकिनांसाठी तिथून इतके मासे पकडले गेले, तेही रंगामुळे मुख्यतः नरच, की आज ही जात संकटग्रस्त मानली जाते. हे वाचल्यापासून मासा तलावातला की पैदाशीचा, हे विचारल्याशिवाय मी रेनबो घेत नाही. पैदाशीचे सहज मिळतात.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. मे महिन्यात पारा 42 वर गेला आणि टाकीतलं पाणी 31 अंशांवर. यांना 24 ते 28 मानवतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. पाण्यावर पंख्याचा वारा लागला की ते दोन-तीन अंश उतरतं, म्हणून मी काचेचं झाकण काढून टेबलफॅन लावला. रेनबो उडी मारतात हे मला ठाऊक होतं. एका रात्रीने काय होणार, असं वाटलं. सकाळी केर काढताना सोफ्याच्या पायाशी सगळ्यात मोठा नर सापडला. त्याच्या शेपटीकडे नुकता कुठे नारिंगी रंग चढायला लागला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी ह्यांनी जुन्या मच्छरदाणीची जाळी लाकडी चौकटीवर ताणून ठोकली. आता उन्हाळ्यात तेच झाकण, वाराही लागतो.

रंग आल्याचं मी नाही, आईंनी पाहिलं. माझ्या सासूबाई सकाळी टाकीसमोर जपमाळ घेऊन बसतात. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी हाक मारली, "अगं, लवकर ये, मासे भांडताहेत!" उरलेले दोन्ही नर अंगाला अंग लावून, सगळे पर ताणून उभे होते. डोक्यापासून निम्मं अंग निळसर पोलादी, शेपटीकडचं निम्मं झेंडूसारखं नारिंगी आणि मधे दोन्ही रंगांचे उभे पट्टे एकमेकांत शिरलेले. कपाळापासून पाठीच्या परापर्यंत एक उजळ पट्टा क्षणात पेटायचा, क्षणात विझायचा. माद्यांसमोरचं हे प्रदर्शन, खरं भांडण नव्हे. अंग वळलं की रंग बदलायचा. "महेश्वरी धूपछाँव नेसलेत," आई म्हणाल्या. कोवळं ऊन टाकीवर असतं तेव्हाच हे दिसतं. रात्री ट्यूबलाइटमध्ये पाहुण्यांना दाखवायला गेलं तर तेच मासे साधे वाटतात.

या पावसाळ्यात अंडी घ्यायची ठरवली. रेनबो एकदम घालत नाहीत, रोज थोडी थोडी, शेवाळासारख्या बारीक पाल्यात. अंड्याला चिकट तंतू असतो, त्याने ते लटकून राहतं. पाल्याऐवजी ॲक्रिलिक लोकरीचा झुबका चालतो. आईंकडे नातवाच्या स्वेटरची हिरवी लोकर उरली होती. ती दोनदा उकळून, रंग सुटत नाही हे पाहून, बुचाला बांधून तरंगत सोडली. तिसऱ्या दिवशी झुबका तळहातावर पसरला तर धाग्यांत मोहरीहून लहान, काचेच्या मण्यासारखी सात अंडी. ती कडक असतात, चिमटीत धरली तरी फुटत नाहीत. वेगळ्या टबात ठेवली, पांढरी पडलेली दोन काढून टाकली. पाचव्या दिवशी आतून दोन काळे डोळे दिसायला लागले, नवव्या दिवशी पिल्लं बाहेर.

ती पहिली पाच गेली. पृष्ठभागालगत फिरणारे ते केसाएवढे जीव. मी उकडलेल्या अंड्याचं पिवळं चुरून घातलं, ते त्यांच्या तोंडात मावेना आणि पाणी नासलं. पुढच्या वेळी आठवडाभर आधीच बरणीत टाकीचं पाणी, थोडं शेवाळ आणि कोबीचं पान घालून ठेवलं. पाणी आधी गढूळ झालं, मग निवळलं. त्यातले सूक्ष्मजीव ड्रॉपरने दिवसातून चार वेळा दिले, दहा दिवसांनी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची, पिल्लं. यावेळी अकरा जगली. आता नखाएवढी आहेत, अगदी राखाडी.

कालपासून पुन्हा झुबका सोडायचं चाललंय. हिरवी लोकर विरली म्हणून आईंनी मरून रंगाची काढून दिली. उकळली तर पातेलंभर पाणी लाल. आता हिरवीचाच एखादा गुंडा ट्रंकेत आहे का, ते त्या शोधताहेत.