पोट नसलेला तंबोरा

आईनं नव्या तंबोऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्याला पोटच नाही रे."

राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत जुन्याला जागाच उरली नव्हती. त्याच्या भोपळ्याच्या पोटाला नातवाचा बॉल लागेल म्हणून तो कायम गवसणीत, कपाटावर. म्हणून मिरजेहून हा चपटा, लाकडी खोक्याचा आणला. पाठीला अडकवून नेता येतो.

मग ती खाली बसली. मधल्या जोडाच्या तारेखाली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, सुती धागा तीळ-तीळ सरकवत राहिली. बराच वेळ तार नुसती टणटण करत होती. अचानक एका जागी ती गुंजायला लागली आणि आईचे डोळे मिटले. "लागली बघ जवारी."

जवारी म्हणजे हीच गुंज: घोडीच्या किंचित उताराला तार घासत थरथरते, त्यातूनच ते वरचे स्वर फुटतात. ते सगळं ह्यातही आहे. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, मात्र जुन्यासारखा छातीत उतरत नाही, हे मलासुद्धा कळलं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा केवढा आनंद झाला होता! आणि आमच्याच घरातला भोपळा कपाटावर.

रात्री आईनं तो खाली काढून पुसला. तुमच्या घरातला तंबोरा कुठं असतो?